लाँगवॉल खाणीवरची जमीन किती खचेल? नव्याने शिकणाऱ्यांसाठी अंदाजाची पद्धत

ठाणे-नवी मुंबईत जिओटेक्निकलचे काम शिकलेल्या मुलामुलींना 'जमीन खचते' म्हटले की खाडीचा गाळ आठवतो. उलवे, द्रोणागिरी, ऐरोली, कुठेही जा, वर भराव टाकायचा, खाली चिखलातले पाणी पिळून निघायचे, महिनोन्महिने सेटलमेंट प्लेट वाचत बसायचे. हा अनुभव मोलाचा आहे. पण बेलापूर किंवा महापेच्या एखाद्या सल्लागार कचेरीत पहिल्यांदा कोळसा खाणीचे काम हाती येते तेव्हा तोच अनुभव आडवा येतो. नवा इंजिनिअर कन्सॉलिडेशनची, म्हणजे पाणी निघून गाळ दबण्याची, सूत्रे काढतो, मातीचे नमुने मागवतो आणि सगळ्यात आधी विचारतो, 'किती खचेल?'

किती खचेल हा प्रश्न बरोबर आहे, पण तो पहिला नाही. दीड मीटर सरळ खाली गेलेल्या घराला तडाही जात नाही, आणि अर्धा मीटर खचलेल्या जागेवरची शाळा पाडावी लागते. घर मोडते ते एका टोकाची जमीन दुसऱ्या टोकापेक्षा वेगळी वागल्यामुळे. म्हणून आपल्याला हवा तो वक्र: खचण कुठे सुरू होते, कुठे सर्वात तिरकी होते, जमीन कुठे ओढली जाते, कुठे दाबली जाते. पुढची सगळी पद्धत हा वक्र मिळवण्यासाठीच आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असू द्या. आपल्या पायाखाली कोळसा नाही. ठाण्यापासून घाटापर्यंत दख्खनचा बेसाल्ट आहे. महाराष्ट्राचा कोळसा नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ या पट्ट्यात गोंडवाना खडकांत आहे, आणि तिथल्या भूमिगत खाणी प्रामुख्याने बोर्ड अँड पिलर पद्धतीच्या, म्हणजे छत पेलायला कोळशाचे खांब सोडत जाणाऱ्या. लाँगवॉल, म्हणजे कोळशाचा सलग पट्टा कापत मागचे छत पडू देणारी पद्धत, बघायची तर झारखंडमधली मुनिडीह, पश्चिम बंगालमधली झांझरा किंवा तेलंगणातली सिंगरेणीची अड्रियाला, अशा ठिकाणी जावे लागते. मुनिडीहला १९७८ साली यंत्रचलित आधारांवरची लाँगवॉल सुरू झाली. भारतातल्या अशा कामाची सुरुवात तिथून धरतात.

आधी खाली काय घडते ते समजून घ्या

लाँगवॉलमध्ये कोळशाचा एक मोठा आयत आखतात. त्याला पॅनेल म्हणतात. रुंदी साधारण दीडशे ते चारशे मीटर, लांबी एक ते काही किलोमीटर. रुंदीच्या बाजूने शिअरर नावाचे यंत्र कोळसा कापत फिरते. कामगारांच्या डोक्यावरचे छत हायड्रॉलिक आधार पेलतात. एक काप झाला की आधार पुढे सरकतात आणि मागचे छत कोसळू देतात. त्या कोसळलेल्या पोकळीला खाणीत गोफ म्हणतात. छत कोसळणे हा इथे अपघात नसतो. ते कोसळलेच पाहिजे, नाही तर सगळे वजन आधारांवर येते.

पडलेला खडक फुगतो, म्हणजे तुकडे झाल्यावर जास्त जागा व्यापतो. तीन मीटर कोळसा काढला आणि पडलेल्या खडकाचे आकारमान सव्वापट झाले, तर सुमारे बारा मीटर उंचीपर्यंत छत पडल्यावर पोकळी भरते. गणित सोपे आहे: काढलेली जाडी भागिले फुगवट्याचा जादा अंश, म्हणजे ३ भागिले ०.२५. त्याच्या वरचे खडक तुटतात पण जागेवरच राहतात. हा भेगाळलेला पट्टा काढलेल्या जाडीच्या तीस ते पन्नास पटींपर्यंत जाऊ शकतो. त्याही वरचे थर न तुटता वाकतात. पृष्ठभागावर दिसतो तो या वाकण्याचा शेवटचा परिणाम.

इथेच गाळाशी असलेला फरक ध्यानात घ्या. गाळात पाणी निघायला वेळ लागतो म्हणून सेटलमेंट वर्षानुवर्षे चालते. लाँगवॉलमध्ये मुख्य खचण फेस, म्हणजे कोळसा कापला जात असलेली भिंत, खालून सरकत असतानाच होते आणि काही आठवड्यांत बहुतांश पूर्ण होते. नंतरची उरलीसुरली हालचाल थोडी असते आणि काही महिने ते एक-दोन वर्षे रेंगाळते.

कागद गोळा करा, आणि त्यांवर शंका घ्या

लागणारी माहिती अशी: थराची काढायची जाडी (थराची पूर्ण जाडी नव्हे, प्रत्यक्ष काढणार ती), खोली, थराचा उतार, पॅनेलची रुंदी आणि लांबी, दोन पॅनेलांमधल्या खांबांची रुंदी, बोअरहोलचे लॉग (भोकातून निघालेल्या थरांची नोंद), फॉल्ट (खडक तुटून सरकल्याची भेग) आणि डाइक (थरांत उभा घुसलेला अग्निज खडक) यांचे नकाशे, आणि वरच्या जमिनीचा ताजा नकाशा. त्यात घरे, विहिरी, नाले, बंधारे, विजेचे मनोरे, रस्ता, रेल्वे सगळे हवे.

यांतल्या दोन गोष्टींसाठी हट्ट धरा. पहिली म्हणजे जुन्या कामाचे नकाशे. त्याच जागी वरच्या किंवा खालच्या थरात पन्नास वर्षांपूर्वी खांब सोडून काम झाले असेल, तर नव्या पॅनेलमुळे ते खांब चिरडू शकतात. मग तुमच्या सूत्रात नसलेली खचण पृष्ठभागावर येते. दुसरी म्हणजे वरच्या खडकांचा प्रकार. जाड, सलग वाळूखडक असेल तर तो बराच काळ तुळईसारखा पेलून धरतो आणि खचण कमी होते किंवा उशिरा होते. छत्तीसगडमधल्या चुरचा खाणीवर डोलेराइटची जाड सिल, म्हणजे थरांमध्ये आडवा घुसलेला कठीण अग्निज खडक, आहे. अशा खडकाखाली इतर कोळसा क्षेत्रांतले आकडे चालत नाहीत. आपल्याकडच्या बोअरहोल लॉगमध्ये 'सँडस्टोन' एवढेच लिहून सोडलेले असते. तो किती जाड थरांत आहे आणि सांधे, म्हणजे खडकातल्या चिरा, किती अंतरावर आहेत, हे भूवैज्ञानिकाला फोन करून विचारा.

चार आकडे ठरवा

आता खरे काम. मी इथे क्नोथे पद्धत घेतो. पोलंडच्या स्टानिस्वाफ क्नोथे यांनी १९५० च्या दशकात ती मांडली, आणि हाताने, एक्सेलमध्ये किंवा पायथनमध्ये ती सहज करता येते. सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत, पण पहिल्या दोन-तीन पॅनेलचे गणित स्वतः केल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडू नका, असा माझा आग्रह असतो.

पहिला आकडा खचण गुणांक. पुरेशा रुंद पॅनेलवर जास्तीत जास्त खचण ही काढलेल्या जाडीच्या किती पट, ते तो सांगतो. ब्रिटनमध्ये छत कोसळू देणाऱ्या कामात तो ०.९ पर्यंत धरत. पोकळी वाळूने भरली, म्हणजे स्टोइंग केले, तर तो खूप खाली येतो. भारतात वाळूखडक जास्त असल्याने बहुतेक ठिकाणी तो ब्रिटिश आकड्यापेक्षा कमी निघतो.

दुसरा प्रभावत्रिज्या. खोली भागिले एक गुणक. पोलंडमध्ये हा गुणक २ च्या आसपास धरतात, इतरत्र साधारण १.५ ते ३. हा गुणक म्हणजे प्रभावकोनाची स्पर्शज्या (टॅन), आणि तो कोन आडव्यापासून मोजतात. ब्रिटिश पद्धतीतला ३५ अंशांचा ड्रॉ अँगल मात्र उभ्यापासून मोजतात. एका अहवालातला आकडा दुसऱ्यात उचलताना हे तपासा. दोन्ही कोनांच्या व्याख्याही वेगळ्या आहेत. ड्रॉ अँगल जिथे खचण मोजता येणार नाही इतकी उरते तिथपर्यंत जातो. ऑस्ट्रेलियात ती मर्यादा सहसा २० मिलिमीटर धरतात. प्रभावत्रिज्या ही वक्राच्या पसाऱ्याचे माप आहे.

तिसरा कडेचे सरकणे. पॅनेलच्या कडेजवळ छत पूर्ण कोसळत नाही, काही अंतर लोंबकळत राहते. त्यामुळे गणिताची कड प्रत्यक्ष कडेपेक्षा आत धरायची. चौथा आडव्या सरकण्याचा गुणांक, साधारण ०.३ च्या आसपास.

हे चारही आकडे पुस्तकातून उचलायचे नसतात. त्याच कोळसा क्षेत्रात, त्याच थरावर आधी मोजलेली खचण मिळाली तर तिच्यावर वक्र बसवून हे आकडे उलटे काढायचे. भारतात अशा मोजणीचे बरेच काम धनबादच्या केंद्रीय खनन आणि इंधन संशोधन संस्थेने केले आहे. स्थानिक मोजणी नसेल तर एक आकडा न धरता किमान ते कमाल असा पट्टा धरा, आणि अहवालात तसे लिहा.

ठाण्याच्या बोगद्यातून एक वाट

ठाणे-बोरिवली बोगदा किंवा बुलेट ट्रेनचा ठाणे खाडीखालचा बोगदा, अशा कामांवर असलेल्यांना एक जवळची वाट आहे. बोगद्यावरच्या खचणीसाठी तुम्ही राल्फ पेक यांचा १९६९ चा घंटेच्या आकाराचा वक्र वापरता. त्यात मध्यापासून वळणबिंदूपर्यंतचे, म्हणजे वक्राचा बाक उलटतो तिथपर्यंतचे, अंतर असते. त्या अंतराला साधारण २.५ ने गुणा, म्हणजे क्नोथेची प्रभावत्रिज्या मिळते. गणिती वक्र तोच आहे.

फरक एका ठिकाणी आहे आणि तो महत्त्वाचा आहे. बोगदा खोलीच्या मानाने लहान, म्हणून त्याची खचण म्हणजे एकच घंटा. लाँगवॉल रुंद, म्हणून पॅनेलचे पातळ उभे काप करा. प्रत्येक काप पृष्ठभागावर आपली छोटी घंटा उमटवतो, आणि सगळ्या घंटांची बेरीज म्हणजे खचण. बेरीज करायला एक्सेलमध्ये एरर फंक्शन तयार आहे. बोगद्यावरून येणाऱ्यांनी व्हॉल्यूम लॉसची, म्हणजे खोदलेल्या आकारमानाच्या टक्केवारीत खचण मोजण्याची, सवय मात्र सोडावी. तिथे एक-दोन टक्के नुकसान मोजतात, इथे काढलेल्या पोकळीचा जवळपास अर्धा किंवा त्याहून अधिक भाग पृष्ठभागावर पोहोचतो.

एक गणित शेवटपर्यंत

समजा खोली ३०० मीटर, काढायची जाडी ३ मीटर, पॅनेलची रुंदी २५० मीटर, थर जवळजवळ आडवा. खचण गुणांक ०.६, त्रिज्येचा गुणक २, कडेचे सरकणे खोलीच्या दहाव्या भागाइतके, म्हणजे ३० मीटर, आणि आडवा गुणांक ०.३. हे आकडे शिकण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्याही खाणीचे नाहीत.

पूर्ण खचण ०.६ गुणिले ३, म्हणजे १.८ मीटर. प्रभावत्रिज्या ३०० भागिले २, म्हणजे १५० मीटर. दोन्ही बाजूंनी ३० मीटर वजा जाता परिणामी रुंदी १९० मीटर. पूर्ण खचण दिसायला परिणामी रुंदी दोन त्रिज्यांएवढी, म्हणजे ३०० मीटर हवी. आपली कमी आहे, म्हणून मध्यभागी पूर्ण १.८ येणार नाही. मध्यापासून कड ९५ मीटरवर. ९५ भागिले १५०, गुणिले π चे वर्गमूळ, म्हणजे १.७७२: उत्तर १.१२. त्याचे एरर फंक्शन ०.८९. म्हणून मध्यभागची खचण १.६ मीटर.

बहुतेक नवे लोक इथे थांबतात. खरे तर इथून पुढे सुरू होते.

सर्वात जास्त कल: पूर्ण खचण भागिले त्रिज्या. १.८ भागिले १५०, म्हणजे मीटरला १२ मिलिमीटर. हा कल परिणामी कडेवर, म्हणजे पॅनेलच्या कडेच्या ३० मीटर आत येतो. तीस मीटर उंचीचा विजेचा मनोरा तिथे असेल तर त्याचा माथा ३६० मिलिमीटर कलेल. शेताला पाणी देणारा पाट मीटरला अर्ध्या मिलिमीटरच्या उताराने वाहत असेल, तर तो उलटा वाहू लागेल.

सर्वात जास्त ओढीचा स्ट्रेन, म्हणजे जमीन मीटरमागे किती ताणली जाते: १.५२ गुणिले ०.३ गुणिले १.८ भागिले १५० (१.५२ हा या वक्राच्या सूत्रातून येणारा स्थिरांक). उत्तर मीटरला ५.५ मिलिमीटर. हा परिणामी कडेपासून त्रिज्येच्या ०.४ पट, म्हणजे ६० मीटर बाहेर येतो. म्हणजे पॅनेलच्या प्रत्यक्ष कडेपासून ३० मीटर बाहेर. नकाशावर ज्या घराखाली खाणकाम नाही असे दिसते, त्याच घराला सर्वात जास्त ओढ बसते. गावकऱ्यांना 'तुमच्या घराखाली काम नाही' असे सांगून मोकळे होणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

आणि मध्यभागी? पॅनेल पुरेसे रुंद असते तर मध्यभाग शेवटी सपाट होऊन शांत झाला असता. पण हे पॅनेल अरुंद आहे, म्हणून दोन्ही कडांचा दाब मध्ये येऊन मिळतो. दोन्ही बाजूंची बेरीज केली तर मध्यभागी दाबाचा स्ट्रेन मीटरला ८.१ मिलिमीटर येतो, ओढीपेक्षा दीडपट. मऊ गादीच्या मध्यभागी कोणी बसले की चादर कडेला ताणली जाते आणि मध्ये चुरगळते, तसेच हे आहे. ओढीने भेगा पडतात, दाबाने फरशी उचलते, पाइप वाकतात, भिंती फुगतात. फक्त ओढ तपासून अहवाल बंद करू नका.

आता पट्टा बघा. गुणक २ ऐवजी १.५ धरला तर मध्यभागची खचण १.३८ मीटर आणि ओढ ४.१. गुणक २.५ धरला तर खचण १.७२ आणि ओढ ६.८. खचण चोवीस-पंचवीस टक्क्यांनी बदलली, ओढ पासष्ट टक्क्यांहून जास्त. म्हणजे ज्या आकड्यावर घर टिकणार की नाही हे अवलंबून, तोच आकडा सर्वात डळमळीत आहे. स्थानिक मोजणीचा हट्ट मी का धरतो, त्याचे हे उत्तर.

शेजारचे पॅनेल आले की

दुसरे पॅनेल ४० मीटर खांब सोडून बाजूला घेतले असे समजा. दोन्ही पॅनेलांच्या खचणींची बेरीज करा. खांबाच्या बरोबर वर ०.७३ मीटर येते, दोन्ही मध्यभागी १.६ तशीच राहते. जमीन लाटेसारखी दिसते: खोल, उथळ, खोल. पण बेरीज फक्त कडक, न दबणाऱ्या खांबासाठी खरी आहे. खांबावर दोन्हीकडून वजन आले की तो दबतो, खालचा खडक मृदू असेल तर त्यात रुततो, आणि प्रत्यक्ष खचण बेरजेपेक्षा जास्त येते. खांब पूर्ण चिरडला तर दोन पॅनेल मिळून एक मोठे पॅनेल होते आणि मध्यभागांची खचणही वाढते. म्हणून दुसऱ्या पॅनेलच्या अंदाजाआधी खांबांची मजबुती तपासणे ही पायरी वगळता येत नाही.

फेस पुढे सरकतो तेव्हा ही ओढ-दाबाची लाट त्याच्याबरोबर फिरते. रोज ५ मीटर प्रगती असेल तर पॅनेलच्या मध्यरेषेवरच्या एका बिंदूवर फेस १५० मीटर अलीकडे असल्यापासून १५० मीटर पलीकडे जाईपर्यंत, म्हणजे साधारण दोन महिने, हालचाल चालते. आधी ओढ, मग दाब. घर नंतर स्थिर होईल हे खरे, पण मधल्या काळात त्याला दोन्ही सोसावे लागते. त्या दोन महिन्यांत माणसे कुठे राहतील, हा प्रश्नही अहवालात यायला हवा.

वक्र कुठे खोटा ठरतो

खोली काढलेल्या जाडीच्या तीस पटींपेक्षा कमी असेल तर गुळगुळीत वक्रावर विश्वास ठेवू नका. उथळ कामांत पृष्ठभागावर सरळ खड्डे पडतात. फॉल्ट असेल तर खडक त्या पृष्ठावरून घसरतो आणि जमिनीत पायरी पडते. सूत्रात पायरी नसते. म्हणून फॉल्ट पृष्ठभागावर जिथे निघतो ती रेष नकाशावर काढून तिच्या दोन्ही बाजूंची बांधकामे वेगळ्या यादीत टाका. थराला उतार असेल तर वक्र उताराच्या खालच्या बाजूला सरकतो. पंधरा अंशांच्या पुढे आडव्याचे सूत्र वापरणे मला पटत नाही.

अशा जागी संगणकातले संख्यात्मक मॉडेल उपयोगी पडते. पण तेही आधीच्या मोजणीवर बसवलेले नसेल तर रंगीत चित्रापलीकडे त्याची किंमत नाही.

आकड्यांपासून घरांपर्यंत

ब्रिटनच्या नॅशनल कोल बोर्डाने १९७५ साली एक साधे कोष्टक दिले. स्ट्रेन गुणिले इमारतीची लांबी, म्हणजे इमारतीच्या लांबीत होणारा बदल. तो ३० मिलिमीटरपर्यंत असेल तर नुकसान नगण्य किंवा अगदी किरकोळ, ६० पर्यंत हलके, १२० पर्यंत लक्षणीय, १८० पर्यंत गंभीर, त्यापुढे अतिगंभीर. आपल्या गणितातली ५.५ ची ओढ घ्या. बारा मीटर लांबीच्या घराला ६६ मिलिमीटर, म्हणजे लक्षणीय. त्याच जागी तीस मीटर लांबीची शाळा असेल तर १६५, म्हणजे गंभीर. जमीन तीच, शाळेचे नुकसान जास्त, केवळ ती लांब आहे म्हणून. लांब इमारतीला मध्ये उभे काप देऊन दोन भाग करणे हा जुना, स्वस्त उपाय त्यातूनच आला.

हे कोष्टक ब्रिटनमधल्या विटांच्या घरांसाठी आहे. मातीच्या भिंती, दगडी जोते, कौलारू छप्पर, पाया नसलेली पडवी यांना ते जसेच्या तसे लावू नका. अशी घरे एक पायरी जास्त नाजूक धरा. आणि काम सुरू होण्याआधी प्रत्येक घराच्या भिंतींचे फोटो, आधीच्या भेगांची रुंदी, विहिरीतली पाण्याची पातळी, सगळे घरमालकाच्या समोर नोंदवून त्याची सही घ्या, आणि एक प्रत त्यालाही द्या. भरपाईचा वाद पुढे निघालाच तर त्या माणसाकडे दाखवायला हाच एक कागद असतो.

वनजमिनीखालच्या कामांत ओढीचा स्ट्रेन मीटरला २० मिलिमीटरच्या आत ठेवण्याची अट आपल्याकडे पर्यावरण आणि वन मंजुरीत घालतात. ती झाडांसाठी आणि मातीतल्या भेगांसाठी आहे. घरांसाठी तो आकडा वापरणे पूर्ण चूक. रेल्वे, सार्वजनिक बांधकाम किंवा नदीजवळ काम न्यायचे तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची वेगळी परवानगी लागते. तिची अट वाचून मगच पॅनेलची कड आखा.

मोजणीची आखणी

अंदाज पाठवला की काम संपले असे समजणारे पुष्कळ आहेत. मला तो अर्धा भाग वाटतो. पॅनेलच्या मध्यरेषेवर एक आणि आडवी एक, अशा मोजणीच्या खुंट्यांच्या किमान दोन ओळी लागतात. खुंट्यांमधले अंतर खोलीच्या विसाव्या भागाइतके ठेवण्याची ब्रिटिश पद्धत आहे, म्हणजे आपल्या उदाहरणात १५ मीटर. अंतर जास्त ठेवले तर स्ट्रेनचे टोक दोन खुंट्यांमध्ये हरवते आणि सरासरीत ओढ कमी दिसते. ओळीची दोन्ही टोके प्रभावाच्या बरीच बाहेर हवीत. संदर्भबिंदूच खचला तर सगळी मोजणी वाया जाते.

विदर्भात काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला रुंद भेगा पडतात. वरवर रोवलेला खुंट खाणीशिवायही ऋतूनुसार वरखाली होतो. म्हणून खुंट काळ्या मातीच्या खाली, मुरमात किंवा खडकात टेकवलेला हवा, आणि खाणीचे काम पोहोचण्याआधी एका पावसाळ्याच्या आधीचे आणि नंतरचे वाचन हातात हवे. नाही तर मे महिन्यातली भेग कोणाच्या खात्यावर टाकायची, याचा निकाल कधीच लागत नाही. उपग्रहावरच्या रडारची मोजणी आता परवडते, पण शेतीच्या हिरवाईत आणि दीड मीटरच्या वेगवान खचणीत ती हुकते. लेव्हलिंग आणि टोटल स्टेशनने होणारी जमिनीवरची मोजणी सोडू नका.

पहिल्या पॅनेलचे वाचन पूर्ण झाले की मोजलेला वक्र आणि अंदाजाचा वक्र एकाच कागदावर काढा. आधी मध्यभागची खचण जुळवा, तिच्यातून गुणांक सुधारतो. मग वक्राचा कल जुळवा, त्यातून त्रिज्या. मग वळणबिंदूची जागा, त्यातून कडेचे सरकणे. शेवटी आडवे सरकणे. एका वेळी एकच आकडा हलवा, कारण चारही एकदम हलवले तर कोणताही वक्र कुठेही बसवता येतो. नव्या आकड्यांनी दुसऱ्या पॅनेलचा अंदाज परत करा, आणि बदललेली यादी, विशेषतः ज्यांचे घर आता वरच्या वर्गात गेले त्यांची, फेस तिथे पोहोचण्याच्या पुरेशा आधी खाणीच्या सर्व्हेअरकडे आणि ग्रामपंचायतीत पोहोचेल असे बघा. जनसुनावणीत किंवा ग्रामसभेत बोलताना 'मीटरला साडेपाच मिलिमीटर' असे सांगू नका. 'या ओळीतल्या घरांच्या भिंतींना बोट जाईल एवढ्या भेगा पडू शकतात, साधारण अमुक महिन्यांत, त्या काळात घर रिकामे ठेवावे लागेल, आणि दुरुस्ती कोण करणार ते या कागदावर आहे' असे सांगा. त्यासाठी कचेरीतून निघायच्या आधी तो कागद मराठीत तयार असला पाहिजे.